नरहरभाऊ, तुमचं जानेवारीचं पत्र

नरहरभाऊ,

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर अर्धं पान लिहून द्या, असं इथल्या आपल्या मराठी समाजाचे चिटणीस परवा सांगून गेले. जन्म, शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. मी लिहून दिलं. जन्म पाथरीचा, शिक्षण हैदराबादचं, कलकत्त्यात वीस वर्षं केंद्र सरकारची चाकरी, मागे पत्नी आणि एक भाऊ. 'मनमिळाऊ' तेवढं गाळलं. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. कुणाशी तरी वाद घातल्याशिवाय तुमच्या घशाखाली चहा उतरत नसे, आणि गेली दहा वर्षं ती 'कुणी तरी' बहुतेक वेळा मीच असे.

हे मात्र स्मरणिकेसाठी नाही. कुठेच छापायचं नाही. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. परवा तुमच्या घरी एक गोष्ट झाली, त्यात मी जे केलं ते तुम्हाला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगण्याची माझी हिंमत नाही. आता थेट तेवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "बाई, मूळ फायलीपासून सुरू करा." म्हणून तिथपासून सुरू करते.

भवानीपूरच्या या घरात तुम्ही खालच्या मजल्यावर राहायला आलात, त्याच आठवड्यात जिना चढून वर आलात. नाव-गाव राहिलं बाजूला, दारातूनच विचारलंत, "तुम्ही भूगोल शिकवता म्हणे. परभणी असलेला नकाशा आहे का?" मी शाळेचा ॲटलास आणून दिला. त्यात पुणं होतं, नागपूर होतं, औरंगाबादसुद्धा होतं. परभणीच्या जागी नुसती रेल्वेची रेघ. तुम्ही खिशातलं पेन काढलंत आणि मला काही कळायच्या आत त्या रेघेवर टिंब देऊन शेजारी नाव लिहिलंत. शाळेच्या पुस्तकात! मी भडकले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "चुकीच्या जागी तर नाही ना लिहिलं?" तो ॲटलास अजून शाळेत आहे. दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच, दिदीमणी, हे कुणी लिहिलं?

मी इथे जन्मलेली. आजोबा वाईहून कलकत्त्याला आले ते परत गेलेच नाहीत. माझं मराठी स्वयंपाकघरात शिकलेलं, आणि राग आला की बंगालीच तोंडात येतं. तुम्हाला त्याची फार मजा वाटायची. "रागावू लागलात की तुम्ही बंगाली होता, बाई. भांडण मराठीत करा, म्हणजे मला जिंकता येईल." तुम्ही स्वतः उर्दूत शिकलेले, निजामाच्या राज्यातले. साधी यादीसुद्धा उजवीकडून डावीकडे लिहायचात. सियालदहच्या बाजारातला बिहारी धान्यवाला तुमच्या उर्दूवर खूश होऊन तुमच्यासाठी ज्वारी बाजूला काढून ठेवायचा. तो ती पाखरांसाठी विकत असे. रविवारी पिशवी खांद्यावर टाकून तुम्ही यायचात आणि जिन्यातूनच ओरडायचात, "आमचं जेवण इथं पाखरांना घालू लागले लोक!" मग कमलवहिनी भाकरी थापायच्या आणि दोन वर पाठवायच्या. आता त्या भाकऱ्या यायच्या नाहीत, हे माझ्या अजून डोक्यात शिरत नाही. रविवारी मी कणीक जरा कमीच भिजवली.

आपलं पहिलं मोठं भांडण राज्यघटनेवरून झालं. तुमच्या ऑफिसच्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तकं दर दुरुस्तीला नवी घेत नसत. दिल्लीहून छापील चिठ्ठ्या यायच्या, त्या कापून ज्या त्या पानावर डकवायच्या. हेच तुमचं काम. पण तुम्ही घरीही स्वतःची एक प्रत ठेवली होती आणि उरलेल्या चिठ्ठ्या आणून रविवारी ती अद्ययावत करायचात. वहिनी मैद्याची खळ शिजवायच्या, झुरळांनी पानं खाऊ नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालायच्या. काही माणसं रविवारी पत्ते खेळतात. तुम्ही घटना चिकटवत बसायचात.

त्या पुस्तकाच्या एकविसाव्या भागाचं पान वळवून वळवून मऊ झालं होतं. तात्पुरत्या, संक्रमणकालीन आणि विशेष तरतुदी. त्यातलं कलम तीनशे एकाहत्तर काढून तुम्ही माझ्यापुढे ठेवलंत. "वाचा." मी वाचलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळं स्थापायची, विकासाचा खर्च न्यायानं वाटायचा, तंत्रशिक्षणाची सोय आणि नोकऱ्यांत पुरेशी संधी द्यायची. या सगळ्याची खास जबाबदारी राष्ट्रपतींना राज्यपालांवर टाकता येईल, असं तिथे होतं.

"मराठवाड्याचं नाव आहे," तुम्ही म्हणालात. "आता पुणं दाखवा. वाई दाखवा. नाही ना? तुम्ही लोक म्हणजे उर्वरित!"

त्या दिवसापासून मी उर्वरित झाले. जिन्यात भेटलात की, "काय उर्वरित, शाळा सुटली का?" माझ्या शाळेतल्या मिनतीदी एकदा तुमच्यासमोर मला चिडवत होत्या, तोमरा तो बर्गी, तुम्ही मराठे तर लुटारू, तुमच्या भीतीनं आम्हाला बागबाजारपासून खंदक खणावा लागला. तुम्ही अतिशय गंभीरपणे त्यांना सांगितलंत की ते सगळे नागपूरकर भोसल्यांचे लोक, म्हणजे विदर्भ. त्यांचं मंडळ वेगळं. मराठवाड्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही. मिनतीदींना काही समजलं नाही. मी मात्र हसून हसून बेजार झाले.

पण त्या पहिल्या दिवशी कलम वाचून मी सरळ विचारलं होतं, "मग हे मंडळ आहे कुठे?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. "व्हायचं आहे."

"कधी?"

"तेच तर विचारायचं आहे, बाई."

तुमचा हा ध्यास मला सुरुवातीला छंद वाटायचा, कुणी तिकिटं जमवतं तसा. मग तुम्ही मुकुंदरावांचं सांगितलंत. धाकटा भाऊ, तुमच्याहून हुशार, हे तुमचेच शब्द. त्याला यंत्रकाम शिकायचं होतं आणि आसपासच्या चार तालुक्यांत ते शिकवणारी जागा नव्हती. नोकरीची मुलाखत निघाली की पुण्याला. त्याला एकदा बोलावणं आलं ते मुलाखत होऊन गेल्यावर. तो पाथरीतच राहिला, दुसऱ्याच्या दुकानात. "आम्ही महाराष्ट्रात बिनशर्त आलो, बाई. एकसुद्धा अट घातली नाही. हे एवढं दोन ओळींचं कलम आहे आमच्याकडं." हे बोलताना तुम्ही वाद घालत नव्हतात. 

आणि मग पत्रं. सरकारी नोकरानं सरकारच्या कारभाराबद्दल असं बाहेर लिहायचं नाही, हा तुमच्या नोकरीचा नियम. तुम्ही नियम मोडणारे नव्हेत. स्टेशनवर फलाटाचं तिकीट काढल्याशिवाय कुणाला पोचवायलासुद्धा जायचा नाहीत. म्हणून दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या रविवारी, पत्र तुम्ही लिहायचं आणि सही माझी. आधी उर्दूत कच्चं, मग त्याचं इंग्रजी, मग ते मी माझ्या मास्तरणीच्या गोल अक्षरात उतरवून काढायचं. खाली, सौ. सुमती गद्रे, भवानीपूर, कलकत्ता. मजकूर दर वर्षी तोच. कलम अमुक अन्वये मराठवाड्यासाठी विकास मंडळ कधी स्थापन होईल, हे कृपया कळवावे. "कृपया" तुम्ही कधी सोडला नाहीत.

अशा नऊ पत्रांवर मी सही केली. एकाचंही उत्तर आलं नाही. एकदाच काय ती पोचपावती आली, तीही पोस्टाची. त्यावर कुणाची तरी निळी सही होती. ती तुम्ही भिंगानं बघितलीत. मी म्हटलं, "सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथं तर वर्षं झाली." तुम्ही म्हणालात, "कुणी तरी घेतलं तर खरं हातात." मी कधी तिकडे न गेलेली बाई, मराठवाड्याचं कधी धान्यसुद्धा पाहिलं नव्हतं, ती दिल्लीच्या कागदांत मराठवाड्याची सर्वांत चिवट बाई होऊन बसले होते. आपण यावर फार हसायचो.

भाऊ, चिठ्ठीचा तो प्रकार मी आजवर कुणाला सांगितला नाही. आंध्रची मोठी चिठ्ठी आली होती. तेलंगणात एवढा वणवा पेटून गेल्यावर त्यांच्यासाठी नवं कलम आलं, आणि आपल्या कलमाचा पहिला खंड, जो त्यांचा होता, तो गाळला गेला. तो जेवढा गाळला तेवढ्यावर एक पट्टी चिकटवायची होती. तुम्ही चष्मा शोधत होतात. मी म्हटलं, आणा, मी करते. आणि खळ लावून पट्टी ठेवली ती थेट दुसऱ्या खंडावर. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित, सगळे एका फटक्यात झाकले गेले. वरून मी रुमालानं दाबूनही घेतलं.

तुम्ही बघितलंत. मला वाटलं आता ओरडाल. तुम्ही किटली आणायला सांगितलीत आणि वाफेवर ते पान धरून अर्धा तास पट्टी सोडवत बसलात. सुटली, पण 'मराठवाडा'च्या इंग्रजी नावातली शेवटची दोन अक्षरं तिच्याबरोबर उपटून आली. ती तुम्ही शाईनं पुन्हा काढलीत. मग म्हणालात, "दिल्लीला एवढ्या वर्षांत जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत, बाई. मराठवाडा निकालात काढलात." वहिनी हसल्या, मी हसले. तुम्ही नव्हतात हसत. पुढे दोन रविवार तुम्ही मला खळीला हात लावू दिला नाहीत.

तुम्हाला खरं लागलं होतं ते वेगळंच, हे मला उशिरा कळलं. त्या पुस्तकात नागालँडची चिठ्ठी होती, मग आसामची लागली, मग मणिपूरची, मग आंध्रची, आणि गेल्या वर्षी सिक्कीमची. ज्याचं त्याचं पान येत गेलं, आणि ती सगळी तुम्ही स्वतःच्या हातानं, कडा न वाकवता चिकटवलीत. त्यांचा तुम्हाला हेवा नव्हता. सिक्कीमची चिठ्ठी लावताना तुम्ही वहिनींना उत्साहानं ते कुठे आहे हे सांगत होतात. पण चिकटवून झाल्यावर तुम्ही मागचं पान उघडून आपलं कलम पुन्हा वाचलंत, जणू काल रात्रीत त्यात काही बदललं असेल. "त्यांनी भांडून घेतलं," म्हणालात. "आम्ही अर्ज करू लागलोत." मराठवाड्यात पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा मी म्हटलं होतं, बघा, आता होईल. तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत आणि म्हणालात, "पोरांनी मार खायचा आणि आपण इथं खळ शिजवायची."

मी तुमच्यासाठी सही करत होते, पण तुम्ही माझ्यासाठी काय करत होतात ते मी कधी बोलून दाखवलं नाही. या शहरात गल्लीगल्लीत बॉम्ब फुटत होते त्या दोन वर्षांत, ह्यांची बँक दूर, माझी शाळा नेमकी वाईट रस्त्यावर. मी कधी सांगितलं नव्हतं की मला भीती वाटते. तुम्ही ऑफिसातून लवकर निघून शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभे राहायचात. पाऊस नसला तरी छत्री. आणि घरापर्यंत माझ्याशी असा कडाडून वाद घालायचात, राज्यपाल मोठा की विधानसभा मोठी, की कोपऱ्यावर कोण उभं आहे हे बघायला मला फुरसतच मिळायची नाही. घरी पोचल्यावर कळायचं, आलो आपण. भाऊ, तो वाद तुम्ही मुद्दाम घालत होतात, हे मला माहीत होतं. आभार मानायचे राहिले.

आता जानेवारी.

आणीबाणी लागून सहा-सात महिने झाले होते. तुम्ही नेहमीसारखे रविवारी कागद घेऊन वर आलात. मी पेन घेतलं नाही. ह्यांनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, यंदा ते पत्रबित्र बंद, हात दाखवून अवलक्षण कशाला? बँकेत बढतीची यादी निघायची होती. माझी शाळाही सरकारी मदतीवर. लोक चिठ्ठीचपाटी लिहिताना दहादा विचार करत होते. हे सगळं मी तुम्हाला नीट सांगितलं असतं तर तुम्ही समजून घेतलं असतंत. तुम्ही नियम पाळणारे. पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी रागावते.

"यंदा नको, भाऊ," मी म्हटलं.

"कामून?"

"नको म्हणजे नको. काय उपयोग आहे? नऊ वर्षांत एक ओळ आली का?"

"म्हणून तर दहावं."

शेजारच्या खोलीत ह्यांनी रेडिओ मोठा केला. आणि मी ते बोलले. "वीस वर्षं झाली तुम्हाला पाथरी सोडून. इथं राहता, इथं खाता. मराठवाड्याचं एवढं तुम्हाला काय पडलंय? आणि मला तर काहीच पडलेलं नाही. मी कशाला सही करू?"

हे मी मराठीत बोलले. तुम्ही सांगितलं होतंत तसं, भांडण मराठीत.

तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही, जे चहाच्या साखरेवरूनही वाद घालायचात. कागद गोळा केलेत, कडा जुळवल्यात, म्हणालात, "बरोबर आहे, बाई." मग उरलेला चहा संपवलात, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवलात आणि खाली गेलात. पुढच्या रविवारी भाकऱ्या आल्या. जिन्यात पुन्हा "काय उर्वरित" सुरू झालं. मला वाटलं, चला, विसरले.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नक्की होतं. मला आता ते हवं आहे. रस्त्यानं चालताना मी तुमच्या वतीनं उत्तरं तयार करते, पण ती सगळी माझ्यासारखी होतात, तुमच्यासारखं एकही होत नाही.

एकदाच विषय निघाला होता. मी केरोसिनचा डबा घेऊन उतरत होते, तुम्ही चढत होतात. "पत्र टाकलं बरं का, बाई," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "बरं झालं," आणि रांग मोठी होईल म्हणून पुढे गेले. सही कुणाची, हे मी विचारलं नाही. वहिनींची असेल, असं वाटलं म्हणू? खरं म्हणजे मला काही वाटूनच घ्यायचं नव्हतं.

मग चैत्रातला तो मंगळवार. तुम्ही ऑफिसातून दुपारीच आलात, वहिनींकडे पाणी मागितलंत आणि भांडं हातात असतानाच गेलात. मी शाळेत होते, नकाशे तपासत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मुकुंदराव पाचव्या दिवशी पोचले, गाड्या बदलत बदलत. हुबेहूब तुमचा आवाज. जिन्यात त्यांनी हाक मारली तेव्हा "आले, भाऊ" म्हणत मी दार उघडलं. तेरावं झालं आणि ते परत गेले. महिनाअखेर येऊन वहिनींना घेऊन जाणार आहेत.

परवा सकाळी रजिस्टर पत्र आलं. दिल्लीहून, तुमच्या नावानं, लाल शिक्क्यात 'गोपनीय'. वहिनींनी सही करून घेतलं आणि तसंच न फोडता वर घेऊन आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. पण सरकारी सिंहाचा शिक्का त्यांना ओळखू येतो, दहा वर्षं त्याचीच वाट बघितली आहे त्यांनी. पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्या हातात लिफाफा देऊन म्हणाल्या, "आलं बगा ह्यांचं उत्तर. वाचा."

मी फोडलं. ते उत्तर नव्हतं, भाऊ. तुमच्या खात्याचा मेमो होता. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या सहीनं आणि हुद्द्यासकट, शासनाच्या धोरणाबाबत पत्र पाठवून आपण सेवानियमांचा भंग केला आहे. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा दहा दिवसांच्या आत करावा. सोबत तुमच्या पत्राची नक्कल. तुमचं ते तिरकं अक्षर, खाली न. वि. पाथरीकर आणि पूर्ण हुद्दा. तुम्ही खाली काही लपवलं नव्हतं. ज्यांनी कधी फलाटाचं तिकीटसुद्धा चुकवलं नाही, त्या तुम्ही.

तुम्ही गेल्याची खबर दिल्लीला पोचायच्या आधीच ते निघालं असणार. वरातीमागून घोडं. तुम्ही असतात तर ते तुमच्या हातात पडलं असतं, निवृत्तीला चार महिने असताना. मी सही केली असती तर ते निघालंच नसतं. मी पुन्हा पुन्हा याच दोन वाक्यांपाशी येते.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणतात?"

"पत्र मिळालं म्हणतात."

"वाचलं का पण?"

मी तुमच्या पत्राच्या नकलेकडे बघितलं. तीत कुणी तरी पेन्सिलीनं रेघ मारली होती, नेमकी कलमाच्या ओळीखाली. "हो, वहिनी. वाचलंय."

एवढं खरं होतं. नऊ पत्रं मी पाठवली आणि कुणी उघडली की नाही कळलं नाही. हे एक तुमच्या नावाचं, ते वाचलं गेलं.

"मग? देऊ लागले का मंडळ?"

"विचार चालू आहे म्हणतात," मी म्हटलं.

वहिनी खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. लिफाफा उलटून बघत म्हणाल्या, "चार आठवडे आधी धाडायला काय झालं होतं ह्यान्ला?" मग पुन्हा उठल्या. त्यांचं म्हणणं, माणूस गेला हे कळवायला पाहिजे, नाही तर ते पुढचं पत्रही ह्यांच्याच नावानं पाठवतील, आणि ते कुणी उघडायचं? "उत्तर लिवा, बाई. तुमचं अक्षर चांगलं. मी सही करते."

मी टेबलाशी बसले. कच्चं लिहिलं. माझे पती अमुक दिवशी निधन पावले, तरी खुलाशाचा प्रश्न राहत नाही. त्याखाली मी तुमची ओळ लिहिली, तुमच्याच शब्दांत, नऊ वर्षं उतरवलेली, पाठ झालेली. मराठवाड्यासाठी विकास मंडळ कधी स्थापन होईल, हे कृपया कळवावे.  मग पक्कं करताना ती ओळ घेतली नाही. वहिनींचं पेन्शन मंजूर व्हायचं आहे, त्यात खोडा नको, असं कारण मला सांगता येईल, आणि ते खोटंही नाही. पण तुम्हाला कशाला फसवू? या वेळी सही माझी नव्हतीच, तरी मी घाबरले.

वहिनींनी पेन घेतलं. सवयीनं त्यांनी 'सौ.' लिहिलं. लिहून थांबल्या, त्या अक्षराकडे बघितलं, आणि सावकाश त्यावर आडवी रेघ मारली. मग पेन तसंच धरून मला विचारलं, "ह्यांचं ते मंडळाचं विचारलंय ना यात?"

मी हो म्हटलं.

त्यांनी सही केली. कमल नरहर पाथरीकर, एक एक अक्षर सुटं. लिफाफ्याला जीभ लावून स्वतःच बंद केला, आणि म्हणाल्या, "आता उत्तर आलं की मला पाथरीला कळवा."

काल शाळेत जाताना मी ते पोस्टात टाकलं. त्यात चार ओळी आहेत. तुम्ही गेलात, एवढंच त्यात लिहिलं आहे.